वहिनींच्या देवघरातील घोडेस्वार

कार्तिक वद्य १०
मार्तंडभैरवाच्या कृपेने बुद्धी स्थिर राहो आणि हातून खरे तेच उमटो.

खंडोबाच्या नवरात्रासाठी देवघर आवरताना देवाच्या तसबिरीची काच तडकली. माझ्याच हातून. वहिनींचे वय शहाऐंशी, दृष्टी अंधूक. आवाज मात्र त्यांनी लगेच ओळखला. "भाऊजी, घट बसायच्या आधी देव घरी पाहिजे जी." सक्करदऱ्याहून रिक्षाने महालात गेलो, देवराव फ्रेमवाल्याकडे तसबीर दिली.

कै. दादांनी ती चाळीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या बंगल्याच्या लिलावातून आणलेली. शुभ्र घोडा, उगारलेली तलवार, खुरांपाशी कुत्रा, खाली पडलेले दोन पुरुष.

कार्तिक व. १२
देवरावाचा निरोप आला, म्हणून गेलो.

"गुरुजी, हा खंडोबा नाही दिसून राहिला."

मी रागावलो. तो म्हणाला, "कायले चिडता जी? हे पाहा ना."

चित्राच्या कागदाचा खालचा काठ मागे दुमडून डिंकाने चिकटवलेला होता. त्याने तो सोडवला. परकी छापील अक्षरे. त्यावर फोन धरताच मराठी उमटले. स्पेन देश. एकोणिसाव्या शतकातील यादवी. स्वार म्हणजे त्या युद्धातला कोणी सेनापती.

"काका न् पुतणीचं भांडण होतं म्हणते, गादीसाठी. आपल्याकडं काय वेगळं असते?" देवराव हसला. मला हसू आले नाही.

हळदीच्या पिवळ्या थराखाली स्वाराचे मस्तक कधी नीट दिसलेच नव्हते. आज काच निघाली आणि दिसले. पगडी नव्हे, चपटी टोपी.

कार्तिक व. १३
दादांनी तसबीर आणली तो दिवस आठवतो. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवीत असे. दादा म्हणाले, "तू शास्त्र शिकलास. देवघरात चालेल का, पाहा." शेजारपाजारची मंडळी जमलेली. मी दुरूनच पाहिले आणि सांगून टाकले, हा साक्षात मल्हारी, खाली पडलेले ते मणि आणि मल्ल. वर दोघा दैत्यांची कथाही ऐकवली. वहिनींनी त्याच सायंकाळी भंडारा वाहिला. त्यांची चाळीस वर्षांची पूजा माझ्या त्या एका वाक्यावर उभी आहे.

पण काठ दुमडला कोणी? दादांवाचून कोण! त्यांना इंग्रजी उत्तम येत असे; ही अक्षरे इंग्रजी नव्हेत हे त्यांना कळलेच असेल. कुणाकडून तरी अर्थ लावून घेतला असेल. मला विचारण्याआधी दुमडला असेल तर मला विचारले कशाला? नंतर दुमडला असेल तर कुणासाठी, पत्नीच्या आनंदासाठी की चारचौघांत माझा शब्द पडू नये म्हणून? दादा असत्य बोलल्याचे मला स्मरत नाही. काही न बोलणे हे असत्यात...

कार्तिक अमावास्या
देव काष्ठपाषाणात नाही, भावात आहे, हे प्रवचनात मीच कितीदा सांगितले. आज तेच वाक्य पळवाट वाटते.

आणखी एक गोष्ट छळते. दैत्य पडले म्हणून दरवर्षी मी येळकोट केला. ते दैत्य नव्हते. एकाचा हात छातीवर आहे, दुसऱ्याच्या पायात दोरीने बांधलेले साधे पायताण. यादवीत पडलेले, म्हणजे कदाचित स्वाराच्याच गावचे.

देवरावाने फोन करून विचारले, "काठ पयल्यासारखा मुडपू का?"
"नको."
असे का म्हणालो, मला माहीत नाही. मुडपला असता तर प्रश्नच मिटला होता.

मार्गशीर्ष शु. १
घट बसले. तसबीर जागेवर टांगली. वहिनींनी नेहमीप्रमाणे काचेवरून खालपर्यंत हात फिरवला.

"भाऊजी, देव उंच झाले का जी?"
"खालचा कागद उलगडला आहे."
"मंग काय निघालं तिथं?"
"अक्षरे."
"तुमच्या दादाच्या हातची?" चेहरा एकदम उजळला.
"नाही, वहिनी. छापील."
"तरी वाचा ना. मले कुठं दिसते आता."

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. आधी आरती होऊ द्या, म्हणालो. आरती म्हणताना दैत्यांच्या कडव्यापाशी माझा आवाज थांबला. वहिनींनी एकटीनेच ते पुरे केले.

नैवेद्य दाखवून झाला. पान वाढलेले आहे, त्या हात लावीत नाहीत. "देवाखाली काय लिवलं ते आयकल्याबिगर मी घास नाही घेत." मी चष्मा आणण्याचे निमित्त करून या खोलीत आलो, आणि हे लिहीत बसलो आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे.

सांगितले तर त्यांचा देव जातो. न सांगितले तर चाळीस वर्षांपूर्वीची चूक आज जाणूनबुजून केलेली होते. दादा असते तर...

"भाऊजी, वरण थंडं होऊन राहिलं!"

उठतो.

हे जो कोणी वाचील त्याच्या घरात रक्ताचे नाते रक्ताविरुद्ध न उभे राहो. आणि खरे सांगण्याची वेळ त्याच्यावर येईल तेव्हा ते हळुवारपणे सांगणारी वाणी भगवंत त्याला देवो.