तपासले, ठीक

३ जानेवारी, सकाळी ७
नवी डायरी. संकल्प: रोज लिहिणे, थोडक्यात, पुराव्यासकट.
चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. माझ्या सहीशिवाय एक पंप गेटाबाहेर गेला नाही आणि माझ्या सहीने गेलेला एकही परत आला नाही. (एक आला होता. तो ट्रकमध्ये आपटला होता.) पास झालेल्या पंपावर कार्ड लावायचो: तपासले, ठीक. खाली सही. माणसांनाही अशी कार्डं असती तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती.
माझं आजचं कार्ड: वय त्र्याहत्तर, दात बहुतेक स्वतःचे, डोकं शाबूत. तपासले, ठीक.
मुख्य बातमी राहिलीच. मुलगा आम्हा दोघांना कायमचं तिकडे बोलावतोय. फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिली. आनंदाने असणार. पाणी वाया जातंय हे मी नजरेस आणून दिलं.

९ जानेवारी
व्हिसाच्या एजंटबाईंकडे गेलो. बाईंनी नियम सांगितला: आईवडिलांना कायमचं न्यायचं असेल, तर ते इथे एकटे राहूच शकत नाहीत आणि त्यांना बघणारं दुसरं कोणी नाही, हे सिद्ध करावं लागतं. धडधाकट असाल तर अर्ज नामंजूर. मी म्हटलं, खराब माल मागवणारं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. बाई हसल्या नाहीत. हीसुद्धा नाही.
कागदपत्रं मी आणि मुलगा बघतो, तुम्ही फक्त सही करा, असं ही म्हणाली. न वाचता सही? चौतीस वर्षांत केली नाही. पण चष्मा घरी राहिला होता, म्हणून केली.
येताना ही जिन्यात मधल्याच पायरीवर बसली. पिशवी जड आहे म्हणे. पिशवीत एक फाईल होती. मी वर जाऊन वाट बघितली.

२२ जानेवारी
निर्णय: जाण्याआधी फिटनेस वाढवणे. रोज पन्नास बैठका. आज अकरा झाल्या. बाराव्या बैठकीला खालीच थांबलो, मुद्दाम. त्या निमित्ताने पलंगाखालची तपासणी झाली. भरपूर धूळ. हिने हात धरून उठवलं तर तिलाच धाप लागली. बैठका मी काढायच्या आणि धाप हिला. सवय नाही ना व्यायामाची.
शर्टाची काजं हल्ली फार लहान ठेवतात. खालच्या मजल्यावर शिलाईवाल्या बाई राहतात, त्यांना जिन्यात गाठून चार शब्द सुनावले. त्या हिच्याकडे बघत राहिल्या. माझ्या शर्टाची बटणं ही लावते, पण ते वेळ वाचावा म्हणून.

१९ फेब्रुवारी (ही म्हणते २१. वर्तमानपत्रातही २१ छापलंय. छपाईत कुणाचं लक्ष नसतं हल्ली.)
दूध आणायला गेलो. सकाळी आठला निघालो, दहाला परत. लांबचा रस्ता घेतला. खुणेचं औषधांचं दुकान रंगवून टाकलंय, न सांगता. दोष माझा नाही.
ही कोपऱ्यावर उभी होती, अनवाणी. दूध राहिलंच.

५ मार्च
अर्जासाठी डॉक्टरांकडे. वीस वर्षांची ओळख. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काढलं. काटे काढायचे राहिले, कारण किती वाजले ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. अर्धवट सूचना दिल्या की काम अर्धवटच होणार.
मग हिला आत घेतलं. माझी तपासणी दहा मिनिटांत संपली, हिची पन्नास मिनिटं चालली. चांगला माल लवकर सुटतो, हा माझा अनुभव आहे. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाली. दवाखान्यात धूळ? तक्रार करायला हवी.

१७ मार्च, दुपारी ३
अक्षर बिघडलंय. रागाने.
फाईल उद्या जमा करायची. ही झोपली होती (हल्ली दुपारी झोपते, सवयी बिघडल्यात). शेवटची तपासणी म्हणून फाईल उघडली. मुलाचं पत्र निघालं. विषय: वडिलांची परिस्थिती. सतरा मुद्दे.
मुद्दा तीन: गॅस चालू ठेवून विसरतात. दोनदाच!
मुद्दा पाच: शर्टाची बटणं लावता येत नाहीत.
मुद्दा नऊ: दूध आणायला गेले आणि हरवले.
मुद्दा बारा लिहिणार नाही. अंघोळीबद्दल आहे.
ज्याला सायकल शिकवताना मागे धरून तीन महिने पळालो, तो लिहितो की वडिलांना एकटं सोडता येत नाही. आणि तो सातासमुद्रापलीकडे. त्याला हे सांगितलं कोणी? घरात तिसरं माणूस नाही. शिवाय डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सहीशिक्क्यासकट, त्याच सुरात. घरचे भेदी. पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि पाठीत सुरा.
तिसरं पान हिच्या अक्षरात होतं. वाचलं नाही. दोन पानांतच माल रिजेक्ट झाल्यावर तिसरं कोण तपासतो.

१८ मार्च, संध्याकाळी ६
प्रतिनिवेदन लिहिलं. सात कागद फुकट गेले, पेन खराब होतं. मजकूर थोडक्यात असा: वरील सतरा मुद्दे निराधार आहेत. मी स्वतः घर चालवतो, बाजार आणतो, गॅस बघतो. पत्नीचीसुद्धा सर्व देखभाल मीच करतो. आम्हाला कोणाच्याही मदतीची गरज नाही. तपासले, ठीक. सही.
फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं. कोणाला बोललो नाही. जिथे सगळे फितूर तिथे गुप्तता हवी. खिडकीवरच्या माणसाने फाईल घेतली आणि शिक्का मारला. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.
ही येताना माझा हात धरून चालत होती. नातीच्या खोलीशेजारी आपली खोली आहे म्हणत होती. मी तिला क्षमा केली. मनातल्या मनात.

१० मे
मुलाशी बोलणं बंद आहे. फोन आला की मी बाथरूममध्ये जातो. त्याच्या लक्षात आलेलं नाही. बाबांचं पोट बरं आहे ना, असं त्याने हिला विचारलं.
नातीने चित्र पाठवलंय: एक खोली, दोन पलंग, एका पलंगावर आजी, दुसऱ्यावर मी. मला मिशा काढल्यात, मला नाहीत. हिने चित्र कपाटाला आतून चिकटवलं. कुंड्या शिलाईवाल्या बाईंना देऊन टाकल्या. मोठं पातेलंही. तिकडे सुनेकडे सगळं आहे म्हणते. इतकी घाई बरी नाही.
आज पुन्हा जिन्यात बसली. यावेळी पिशवी नव्हती.

२ जुलै
निकाल आला. नामंजूर.
पण पत्र वाचण्यासारखं आहे. "मुख्य अर्जदाराच्या स्वतःच्या लेखी निवेदनानुसार ते पूर्णपणे सक्षम असून पत्नीचीही सर्व देखभाल करतात. त्यांना कोणाच्याही मदतीची गरज नाही." माझं वाक्य, शब्दाला शब्द! जगात कुठेतरी एक अधिकारी आहे जो वाचतो. मुलाचे सतरा मुद्दे एका ओळीतही नाहीत.
एजंटबाईंचा फोन आला. हे निवेदन कुठून आलं, असं विचारत होत्या. आवाज चढलेला होता. मी फोन हिच्याकडे दिला.

३ जुलै
आज सकाळी हिने चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली:
"अहो, तुम्हाला लाज वाटू नये म्हणून चार वर्षं मी सगळ्यांशी खोटं बोलले. एकदाच खरं लिहिलं, तर तेही तुम्ही खोडून काढलंत."
चार वर्षं खोटं बोलत होती, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. तारीख लिहून ठेवतो. पुढेमागे उपयोगी पडेल.
चहा गार झाला. तिने दुसरा केला नाही. मीच करणार होतो, पण लायटर जागेवर नव्हता.

१४ ऑगस्ट
मुलाने दुसरी वाट काढली. हिच्या एकटीसाठी पाहुणी म्हणून व्हिसा, सहा महिन्यांचा. एजंटबाई म्हणाल्या, त्यात उलटा नियम आहे: माणूस परत येईल अशी खात्री लागते, आणि घरी वाट बघणारा धडधाकट नवरा याहून मोठी खात्री नाही. म्हणून माझंच निवेदन फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं.
आठ दिवसांत मंजूर. माझी सही आजही चालते हे सिद्ध झालं.
मी कुठे जाणार, असं कोणी विचारलं नाही.

६ सप्टेंबर
ही गेली. टॅक्सी दारात आली तेव्हा तिने माझी बटणं वरपासून खालपर्यंत एकदा चाचपली आणि म्हणाली:
"तुम्ही लिहून दिलंय ना घर सांभाळतो म्हणून. सांभाळा."
रागाने म्हणाली असती तर लिहून ठेवलं असतं. पण फार थकलेला आवाज होता.
सहा महिन्यांच्या गोळ्या डब्यांत वारांप्रमाणे भरून गेलीय. शेगडीवर चिठ्ठी: बंद केलं का? दारावर चिठ्ठी: किल्ली. हा निव्वळ अविश्वास आहे. चिठ्ठ्या काढून टाकल्या.

९ सप्टेंबर
चिठ्ठ्या परत लावल्या. कारण लिहीत नाही. भांडं बदलावं लागेल.

२८ सप्टेंबर
एजंटबाईंनी जुनी फाईल परत पाठवली. रिकामपणी तपासली. तिसरं पान वाचलं.
हिचं अक्षर. माझ्याबद्दल अर्धीच ओळ आहे. बाकी सगळं स्वतःबद्दल. हृदयाची झडप नीट चालत नाही. डॉक्टरांनी ओझं उचलायला, जिने चढायला मनाई केली आहे. मग लिहिलंय:
"हे मी यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे माझी काळजी घ्यायला लागतील, आणि ते त्यांना जमणार नाही."
दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मलाच सांगितलं नाही. मुलाला माहीत, डॉक्टरांना माहीत, खिडकीवरच्या परक्या माणसाला माहीत. फसवलं मला.
जिना एकूण बावीस पायऱ्यांचा आहे. ती अकराव्या पायरीवर बसायची. मी वरून बघायचो. चौतीस वर्षं आवाजावरून सांगायचो की पंपाच्या आत कुठली झडप गळते आहे.

५ ऑक्टोबर
फोनवर मुलगा, चित्रासकट. मी बाथरूममध्ये गेलो नाही. आईला पूर्ण सहा महिने विश्रांती सांगितली आहे, कदाचित जास्तही, असं म्हणाला. बाबा, तुम्ही कसे आहात, असं विचारलं. ठीक म्हणालो. ती मागे खुर्चीत बसली होती, अंगावर शाल. तिला एक विचारायचं होतं, पण तिने हात केला आणि मीही हात केला, मग फोन संपला.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. इतके दिवस डोक्यातून घालायचे बनियन वापरले, पण ऑफिसात शर्ट हवा. नऊला सुरुवात केली, अकरा वाजले. तीन शर्ट झाले. एक बटण लागलं, तेही चुकीच्या काजात.
शर्ट हाताने धरून खाली शिलाईवाल्या बाईंकडे गेलो. म्हटलं, ही काजं जरा मोठी करून द्या. पैसे काय ते घ्या.
त्यांनी शर्ट उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "काका, ही काकूंनी दोनदा मोठी करून नेलीत. आता याहून मोठं केलं तर बटण त्यात थांबणार नाही."
मग मशीन थांबवून उठल्या आणि सहाच्या सहा बटणं लावून दिली. खाली मान घालून, हिच्यासारखीच. मी छताकडे बघत होतो.
दाखला झाला. खिडकीवर विचारलं, सोबत कोण आहे? नाही म्हणालो.
शर्ट काढलेला नाही. आज असाच झोपेन. उद्या पुन्हा खाली कोण जाणार.