शेंडे उताराकडे

इन्सब्रुक, ६ जून २०२२

ती. विन्सेंझदादास,
बुर्गलचा शि. सा. न. वि. वि.

फोन उचलायचा नाही असं तू व्रतच घेतलंयस, म्हणून हे पत्र. तुझ्या शेजारच्या क्रेसेंझमावशी सांगत होत्या की घरामागच्या काही स्प्रूसच्या झाडांच्या बुंध्याशी कॉफीच्या भुकटीसारखा भुसा पडलाय. दादा, ते सालीखालचे भुंगे आहेत. वनरक्षकही सांगायला आला, तर त्याला श्नॅप्स पाजून ‘वद्य पक्षात बघू’ म्हणत वाटेला लावलंस! अरे, ते रान वर उभं आहे म्हणून हिमलोट आपल्या छपरावर येत नाही. लागलेली झाडं आजच तोड. भुंगे पंचांग बघत नाहीत.

रागात असले तरी तुझीच,
बुर्गल

ओबरएग, २४ जून

चि. बुर्गल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. गाई वरच्या कुरणात पोचल्या, एक लंगडतेय. आणि घे, तोडली झाडं! वद्य पक्ष लागला तशी सगळी आडवी केली. तुझंही राहिलं, चंद्राचंही. बाबांच्या शिस्तीने शेंडे उताराकडे करून फांद्या-सालीसकट पडू दिलीत. हिरवा शेंडा खोडातला ओलावा ओढून घेतो, मग लाकूड तडकत नाही. शरदात ओढून नेईन. कचेरीत बसून आम्हाला झाडं तोडायला शिकवू नकोस. जावईबापूंना नमस्कार.

भांडलीस तरी लिहीत राहा,
विन्सेंझ

इन्सब्रुक, २ जुलै

ती. दादास शि. सा. न.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. सालीसकट? झाड आडवं केलं म्हणून भुंगे मरत नाहीत, तिथेच बाळंतपणं उरकतात! बाबांच्या वेळी आपल्या उंचीवर उन्हाळा एवढासा असायचा, त्यात भुंग्यांची जेमतेम एक पिढी व्हायची. आता एप्रिलमध्येच बर्फ वितळतो आणि जूनमध्ये तू सदऱ्याची बटणं उघडी टाकून हिंडतोस. पहिली पिढी उडते, दुसरी तयार होते. बाबा चुकत नव्हते रे, पण त्यांचा उन्हाळा आता राहिला नाही. सगळी साल सोल, नाहीतर गाडी बोलावून ओंडके खोऱ्याबाहेर काढ. लगेच. मी आले तर तुला कुठलाच पक्ष वाचवणार नाही.

काळजीने अर्धी झालेली,
बुर्गल

ओबरएग, १६ ऑक्टोबर

चि. बुर्गल हिस आशीर्वाद.

‘मी सांगितलं होतं’ एवढं वाक्य गिळ, बाकी हवं ते बोल. आधी गवत कापून घ्यावं म्हटलं. जुलैअखेर सोलायला गेलो तर सालीला छर्रे लागावेत तशी भोकं, आत कोणी नाही. सगळे घराच्या डोक्यावरच्या रानात गेले होते. ते रान सुकून विटकरी होत गेलं, आणि गेल्या आठवड्यात सगळं तोडावं लागलं. गावच्या कचेरीतून माणसं येऊन सांगून गेली, हिमलोट अडवायला उतारावर लोखंडी अडसर उभे राहीपर्यंत हिवाळ्यात इथे राहायचं नाही. गाई मावशींच्या गोठ्यात बांधतो आणि तुझ्याकडे येतो. सोफा चालेल.

स्वैपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो म्हणून आई जन्मभर कुरकुरायची ना? आता तिथे संध्याकाळपर्यंत ऊन असतं. चुलीवर, टेबलावर, तिच्या खुर्चीवरसुद्धा. मला ते बघवत नाही, बुर्गल. खिडकीला घोंगडी टांगून जेवतो.

आल्यावर दार उघड, तेवढा लोभ पुरे.
तुझा दादा