सईच्या गळ्यावरचा वळ

रविवार, संध्याकाळ

सईच्या गळ्यावर गाडीतल्या सीटबेल्टचा लाल वळ उठलाय. डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, जाईल. माझ्या डोळ्यांपुढून मात्र जात नाही.

सकाळी केळझरच्या गणपतीला निघालो, तेव्हा देवळीहून आलेले दीर गाडीत डोकावून हसले. "दहा वर्षांची झाली पोरगी, अजून बूस्टर सीटवर काऊन बसवून राह्यल्या वहिनी तिले?" सईचा चेहराच उतरला. "आई, काढ ना ते," म्हणाली. वर्गात सगळ्यात बुटकी आहे ती. मुलांना उंच बसवणाऱ्या त्या सीटशिवाय सीटबेल्टचा पट्टा खांद्यावर न बसता गळ्यावर येतो, हे मला ठाऊक होतं. वय नाही, उंची बघायची असते. मग बोलले का नाही? दिरांसमोर वाद नको म्हणून? मुकाट्याने सीट काढून घरात ठेवली.

सेलूच्या पुढे म्हैस आडवी आली. यांनी करकचून ब्रेक दाबला. आम्हा मोठ्यांना काही झालं नाही. सई मात्र गळा धरून खोकत राहिली, तिला श्वास पुरेना. देवळात न जाता तसेच दवाखान्यात गेलो.

"मले माईत नोतं, वहिनी," दीर परतताना म्हणाले. त्यांना नव्हतं. मला होतं.

आता मी त्या वळावर मलम लावत असताना सईने हळूच विचारलं, "आई, मी लवकर उंच काऊन नाई होत?"

म्हणजे तिला वाटतंय, तिचंच चुकलं.

"तुह्यं काई नाई चुकलं, बाई. माह्यं चुकलं," मी म्हणाले. तिने मान डोलावली, पण तिला पटलेलं दिसलं नाही.