क्लॅरीचा रूळ माझ्या यंत्रात

मी, मर्विन आल्फ्रेड टोलहर्स्ट, वय एकोणऐंशी, राहणार मिलिगन्स क्रीक, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी सिडनीला माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, मी प्यायलेलो नाही, आणि डॉक्टरांच्या मते माझं डोकं ठिकाणावर आहे. डोक्यात गोंधळ आहे, पण तो वयाने नाही, गवत कापायच्या यंत्राने घातला आहे. माझी आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, आणि ज्यात भावाला शिव्या घातल्या होत्या ते आधी जाळावं.

कलम १. घर आणि परसातली लिंबाची झाडं माझी मुलगी नोलीन हिला. स्वयंपाकघराची भिंत तिने पाडू नये असं मला वाटतं. ती पाडणारच आहे, तेव्हा निदान मी गेल्यावर पाडावी. बँकेत जे काही निघेल तेही तिचंच.

कलम २. शेडमधले पाने, कानशी आणि धार लावायच्या कुरुंदाच्या पेस्टचे डबे बोलिंग क्लबची खेळायची हिरवळ सांभाळणाऱ्या डेस मरोनीला. अट एकच. धार लावल्यावर वर्तमानपत्राची पट्टी पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून बघायची. डेस अंगठा लावून बघतो. एक दिवस तो अंगठा जाईल आणि दोष माझ्या पेस्टला मिळेल. लांब चोचीची तेलाची झारी शेजारी हॉलरॉइडकडे आहे. १९७२ साली त्याने ती ‘दुपारपर्यंत’ म्हणून नेली. ती मी त्यालाच देत आहे, म्हणजे मला बघून रस्ता ओलांडायचे त्याचे कष्ट तरी वाचतील.

कलम ३. हाताने ढकलायचं जुनं लॉनमोअर. इथे मी तीनदा खाडाखोड केली. वकीलबाई मिस पार्जिटर समोरच बसल्या आहेत. त्यांनी विचारलं, “मर्विन, यंत्र म्हणजे नक्की काय काय देताय?”

“यंत्र म्हणजे यंत्र, बाई.”

“ते तुमचंच आहे ना?”

मी बोटांवर मोजायला लागलो. दांडा मी बसवलेला. गवत गोळा करायची ताडपत्रीची पिशवी माझ्या बायकोने, आयव्हीने, शिवलेली. ती गेली तरी शिवण उसवलेली नाही. चाकं भंगारातली. सांगाडा वडिलांचा. आणि आतला पात्यांचा रूळ माझा नाही, हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं.

नोलीनला समजावं म्हणून सविस्तर लिहितो. वडील क्लबची हिरवळ राखत. त्यांच्याकडे एकाच बनावटीची दोन यंत्रं होती. मोटरची यंत्रं आल्यावर क्लबने ही दोन्ही त्यांना देऊन टाकली आणि त्यांनी एक मला, एक माझ्या धाकट्या भावाला, क्लॅरीला दिलं. अशा यंत्रात पीळदार पात्यांचा रूळ फिरतो आणि खालच्या आडव्या पात्याला घासून कात्रीसारखं गवत कापतो. पेस्ट लावून, रूळ उलटा फिरवून, वडिलांनी प्रत्येक रूळ त्याच्या त्याच्या पात्याशी जुळवला होता. अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात. हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

तरी १९६१ च्या इस्टरला आम्ही दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर खोलली आणि सगळे भाग एकाच टबात रॉकेलमध्ये टाकले. क्लॅरी म्हणाला, “मर्व्ह, रंग उद्या देऊ. आधी कुठलं कुणाचं ते लावून घेऊ.” मी म्हणालो, “मला काय शिकवतोस? मी डोळे मिटून सांगतो.” आणि सगळ्यावर हिरवा रंग फासला.

तेव्हापासून दोन्ही यंत्रं कडेला गवताच्या मिशा सोडतात. क्लॅरी म्हणाला, मी त्याला झिजलेला माल दिला. मी म्हणालो, त्यानेच माझं पातं ठोकून वाकवलं. सत्तावीस वर्षं आम्ही बोललो नाही. आईच्या अंत्यविधीला शवपेटीच्या डाव्या बाजूला तो होता, उजव्या बाजूला मी, आणि पाऊलसुद्धा जुळवलं नाही. आई हिंदकळत गेली.

या फेब्रुवारीत मी यंत्राचा रंग पहिल्यांदाच पुरा खरवडला. सांगाड्यावर वडिलांनी ठोकलेला एक ठिपका निघाला. खालच्या पात्यावर एक ठिपका. रुळाच्या टोकावर दोन. बाहेर उन्हात नेऊन पाहिलं, तरी दोनच. म्हणजे क्लॅरीचा रूळ माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. खुणा होत्या आणि त्यांच्यावर रंग मी फासला होता. मग इतकी वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या ते यंत्र माझं की त्याचं? आणि भांडण कुणाचं?

कलम ४. दोन ठिपक्यांचा रूळ मी क्लॅरीला परत देतो.

“परत देता येत नाही,” बाई म्हणाल्या. “मृत्युपत्रात फक्त देता येतं.”

“पण त्याचाच आहे!”

“मग तर देताच येत नाही.”

शेवटी ‘जो काही माझा हक्क असेल तो देतो’ असं ठरलं. बाकीचं यंत्रही क्लॅरीलाच. आणि याच कलमात मी लिहून ठेवतो की चूक माझी होती, त्याची नव्हती. हे त्याला मी मेल्यावर वाचून दाखवावं, कारण समोर म्हणायची माझी छाती नाही.

सही करण्यापूर्वीची नोंद. पहिली साक्षीदार थेल्मा रडक, क्लबची सेक्रेटरी, वेळेवर आली. दुसरा पोस्टमास्तर येणार होता. ठिपक्यांचं आणि ऑपरेशनचं मी थेल्माला बोललो होतो, तिने त्याच्याऐवजी परस्पर क्लॅरीला आणलं. हॅट हातात धरून तो दारात उभा राहिला. केस सगळे गेलेत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा त्यांनी कलम चार मोठ्याने वाचलं. मी खिडकीकडे बघत होतो.

क्लॅरी म्हणाला, “पेन द्या. साक्षीदार मीच होणार.”

“क्लॅरी, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “सही केलीत की तुम्हाला दिलेलं सगळं रद्द.”

“होऊ दे की! मेलेल्या माणसाचा रूळ घेऊन मी काय करू? बसवायला दोघं लागतात, एकाने धरायचा, एकाने स्क्रू पिळायचे.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुवारी जातोयस ना? मग आज सोमवार आहे, गाढवा. माझं यंत्र बाहेर गाडीत आहे.”

मला रडू आलं, ते लपवता आलं नाही. म्हणजे आता कलम चार आहे की नाही, ते मला कळत नाही. बाई म्हणतात, खोडू नका, राहू द्या. राहू देतो. आता मी सही करतो, मग ते दोघं करतील.

स्थळ: मिलिगन्स क्रीक
दिनांक: ११ एप्रिल १९८८

सही: मर्विन आ. टोलहर्स्ट

आमच्या दोघांच्या देखत सही केली:

१. थेल्मा रडक, सेक्रेटरी, बोलिंग क्लब
२. क्लॅरन्स टोलहर्स्ट, भाऊ. मी हे फुकट केलं आहे. लवकर आटप, ऊन उतरतंय.