वर्निसच्या पुस्तकातली माझी क्लोटिल

माझी धाकटी वर्निस,

तू गेलीस त्याला ईस्टरला वर्ष झालं. पाठवायला पत्ता नाही, तरी लिहितेय. अगं, नात टमिकाने मला वाचायला शिकवलं! तुझी कादंबरी चार महिन्यांत संपवली. तेवढ्या काळात तीनदा मक्याचा कॉर्नब्रेड करपला, ते जाऊ दे.

तीस वर्षांपूर्वी चर्चमधली हॅटी म्हणाली होती, "लूएला, तुझ्या बहिणीने तुझ्या मेलेल्या पोरीचं नाव पुस्तकात घालून बाजारात मांडलंय." मला कुठे वाचता येत होतं? तू मला भेटायला इथे जॉर्जियात आलीस तेव्हा मी म्हटलं, "न्यूयॉर्कच्या बाईसाहेब, इथे तुमची बहीण कुणी राहत नाही." आणि कडी लावली. तू पुन्हा आली नाहीस.

आता वाचते तर काय! तुझ्या क्लोटिलला ताप येतो आणि उतरतो. ती शाळेत मास्तरणीला उलटून बोलते, बूट चावतात म्हणून स्वतःच्या लग्नात अनवाणी नाचते. मी इतकी हसले की टमिका धावत आली. "आजी, हसतेस की रडतेस?"

काल हॅटीला विचारलं. म्हणते, "मी कुठे वाचलंय? सगळे म्हणत होते."

माझी पोर अकरा महिन्यांची असताना तापातच गेली गं. तू तिला पुस्तकात नातवंडं होईपर्यंत जगवलंस. इतकी वर्षं माझं लेकरू सांभाळलंस, आणि दारात आलीस तेव्हा मी तुला 'जेवलीस का' एवढंसुद्धा विचारलं नाही.

तुझी थोरली,
लूएला