म्हैसूरपाक कुणी आणायचा

३ जून, मंगळवार

चौथी शिकार! ऋत्विक कॉफी आणायला उठला, लॅपटॉप तसाच उघडा. सात सेकंद पुरले. त्याच्या नावानं ऑफिसातल्या आमच्या मजल्याच्या ग्रुपवर टाकलं — "उद्या माझ्याकडून सगळ्यांना म्हैसूरपाक!" आख्ख्या मजल्यावर टाळ्या.

नियम जुना आहे, मी काढलेला नाही. ज्यानं लॅपटॉप उघडा ठेवला, दुसऱ्या दिवशी डबा त्यानं आणायचा. डबा आणला म्हणजे चूक कबूल. वाद नाही, रडगाणं नाही.

पहिले दोन आठवडे मला इथं कुत्रं विचारत नव्हतं. बाकी चारही इंटर्न — ऋत्विक, सिंचना वगैरे — बंगळूरच्या मोठ्या कॉलेजांतले. मी दावणगेऱ्याचा डिप्लोमावाला, त्यात दोन विषय लटकलेले. पीजीचं चित्रान्न, तो रोजचा पिवळा भात, एकटाच गिळायचो. आता सिंचना लांबूनच ओरडते, "ए हालेश, इकडे ये मगा! आज कुणाला कापलंस?" मगा म्हणजे यार. माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवते!!

५ जून

"रंजिता अक्काला पकडून दाखव," ऋत्विक म्हणाला. "मग तुला मानलं."

रंजिता अक्का म्हणजे खिडकीकडची सीनियर. पाणी प्यायला उठली तरी लॅपटॉप लॉक करते. जेवते एकटी. समोरच्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवते. मी एकदा बसायला गेलो तर म्हणाली, "येतंय कोणीतरी." कोणी आलं नाही.

बघतोच!

९ जून, सोमवार



एक वाजून गेला होता. अक्काचा फोन वाजला, ती बोलत बोलत जिन्याकडे गेली. मी वाकून पळालो. तिचा लॅपटॉप — लॉक. च्यायला! पण शेजारच्या टेबलावरचा उघडा. त्या टेबलावर मी कधी कुणाला बघितलंच नव्हतं. नाव होतं स्फूर्ती. वाटलं रजेवर असेल, बाळंतपण वगैरे. स्क्रीनवर रंजिता अक्काचे मेसेज, एकाखाली एक. रोज एक वाजता, रोज तेच. "चल, जेवायला." "चल, जेवायला." "चल, जेवायला." आजचाही होता. एकालाही उत्तर नाही. मनात म्हटलं, काय माजोरडी बाई आहे!

आणि तिच्या नावानं ग्रुपवर टाकलं. "उद्या माझ्याकडून सगळ्यांना म्हैसूरपाक!" वर माझी अक्कल — "खूप दिवस झाले ना?"

जागेवर येऊन हसू दाबत बसलो. टाळी नाही. शिट्टी नाही. मागं कुणाची तरी खुर्ची करकरली, बस.

जिन्यातून अक्का आली. फोन हातात. धावत. आणि हसत होती! मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. त्या टेबलापाशी थांबली, खुर्चीकडे बघितलं. मग ते हसू — नाही लिहिता येत.

"स्फूर्ती मार्चमध्ये गेली," सिंचना माझ्या कानात.

"नोकरी सोडून?"

"गेली रे, मगा. तुमकूर रोडवर. स्कूटरवर होती. तुला कुणी सांगितलं नाही?"

आमचे मॅनेजर गुरुदत्त सर केबिनमधून बाहेर आले. "कुणी केलं हे?"

मी बुटांकडे बघत बसलो.

१० जून

ग्रुपवर स्फूर्तीच्या नावापुढचा हिरवा ठिपका काल किती वेळ होता! आज विझलाय. बघायचं नाही म्हटलं की हात आपोआप तिथंच जातो. डोळे मिटले की माझंच वाक्य ऐकू येतं. खूप दिवस झाले ना. आवाज मात्र बाईचा. मी तिचा आवाज जन्मात ऐकलेला नाही!

११ जून

नागराजण्णावर आलं.

नागराजण्णा म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारा, एजन्सीकडून येतो. स्फूर्तीच्या फायली काढून घ्यायच्या राहिल्यात, म्हणून तिचा लॅपटॉप तिथंच. पासवर्ड त्याच्याकडे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उघडा तूच ठेवलास, टाकलंही तूच. शुक्रवार शेवटचा."

"सर, आठवडाभर मी हात नाही लावला त्याला." एवढंच म्हणत राहिला. तीनदा.

मला पहिल्या दिवशी कार्ड यानंच करून दिलं. "हालेशा, फोटोत तरी हास की रे. पोलीस ठाण्यात आल्यासारखा काय बसलायस?"

सिंचनाला सांगितलं, मीच तो. ती घास घेता घेता थांबली. "गप्प बस. सर्टिफिकेट जाईल तुझं." मग ताट उचलून दुसरीकडं गेली.

१२ जून, गुरुवार

सांगून टाकलं सरांना. तो मेसेज मी टाकला.

"उद्या कार्ड जमा कर," म्हणाले.

"आणि नागराजण्णा?"

"उघडा तर त्यानंच ठेवला ना?"

मग अक्काकडे गेलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. चुकलो म्हटलं. नागराजण्णाचं सांगितलं. तिनं आधी लॅपटॉप लॉक केला.

"मी लिहिलेलं वाचलंस?"

"हो, अक्का."

"सगळं?"

"रोजचं एकच तर होतं."

खिडकीकडे तोंड केलं तिनं. "तेवढ्यात फोन आला म्हणून…" म्हणाली. 

आज माझ्यासाठी खुर्ची कुणी धरली नव्हती.

१३ जून, शुक्रवार

नागराजण्णा पिशवी भरून निघालाच होता. मी कार्ड काढत होतो. रंजिता अक्का आली — हातात म्हैसूरपाकचा डबा. सरांसमोर झाकण काढलं आणि पहिल्यांदा नागराजण्णापुढं धरला.

"घ्या, अण्णा. तिचा पासवर्ड मलाही माहीत होता. उघडा मी ठेवला होता."