होडी नदीच्या मधोमध

दि. १७ जून, रविवार, दुपार

दादा,

नमस्कार आधी घे, राग नंतर कर. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद-पेन घेऊन बसलेय. इकडे सगळं ठीक. पंखा अजून खटखट करतो. कामाच्या टेबलाचा तुझा कोपरा तसाच आहे, फक्त त्यावर आता मी धुतलेले कपडे टाकते. गुडघा कसा आहे? वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, त्यालाच विचार.

वहिनी बाहेरच्या खोलीत बसल्यात. तू सही करून त्यांच्याबरोबर पाठवलेला करार माझ्यासमोर आहे. तुझ्या सहीखाली माझी जागा रिकामी. उद्या संध्याकाळपर्यंत कागद कंपनीला मिळाले नाहीत तर ते दुसऱ्या कुणाचा तरी गेम घेणार, हे मला कळतं. वहिनींना वाटतंय मी करार वाचतेय.

करारातलं बाकी सगळं मला मान्य आहे. उतारूंना नदीपार नेणाऱ्या होडीवालीचा आपला गेम फोनवर येईल, आपलं नावही न ऐकलेली माणसं तो खेळतील. कुणाला नकोय? पण ते एक कलम. ‘उतारू’ फोल्डरला कुलूप लावायचं. म्हणजे यापुढे बाहेरच्या कुणाला स्वतःचा उतारू लिहून आपल्या होडीत बसवता येणार नाही, आणि आजवर लोकांनी बसवलेले सगळे उतारूही जाणार.

तू सोयीस्कर विसरतोस म्हणून आठवण करून देते. ते फोल्डर काही आपण मोठ्या तत्त्वासाठी उघडं ठेवलं नव्हतं. मी सारखं उतारूंचं बोलणं बदलायचे आणि तू वैतागायचास. एकदा म्हणालास, तुझी माणसं तूच साध्या फाइलीत लिही आणि माझ्या कोडला हात लावू नकोस. निव्वळ आळस तुझा! मग एका शिक्षिकेने ती फाइल उघडून आपल्या वर्गातली मुलंच उतारू केली. एका नर्सने आपले पेशंट बसवले, त्यातला एक तर भाडं देतच नाही. जग त्याला मॉड म्हणतं, आपण पाहुणे म्हणायचो. नवा पाहुणा आला की तू खुर्ची अडवून बसायचास आणि मला खेळू द्यायचा नाहीस.

आणि मग तो शिव्या देणारा उतारू आला. कुणी पाठवला देव जाणे, पण उघडला तो नेमका त्या शिक्षिकेच्या वर्गात. पालकांचे फोन तू घेतलेस. एकेकाची माफी मागून तुझा घसा बसला. मी तेव्हाही म्हणत होते की एकाने घाण केली म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं नसतं, आणि आजही तेच म्हणते. तू म्हणालास, “दाराशी उभं मला राहावं लागतं, तुला नाही.” बॅग उचललीस आणि गेलास.

तेव्हापासून दाराशी मीच उभी आहे. तुला कुणी सांगितलं नसेल. आता प्रत्येक नवा पाहुणा आधी मी खेळून बघते, मगच तो आपल्या यादीत लागतो.

वहिनी खाकरल्या. विचारतायत, सही करतेस की निबंध लिहितेस? म्हटलं, अक्षर फार बारीक आहे.

खरं सांगू? मी कधीची इकडचं तिकडचं लिहितेय. पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे.

मध्यंतरी एक पाहुणा आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. एक म्हातारा होडीत बसतो आणि होडी नदीच्या मधोमध थांबते. पुढे काही होतच नाही. मला वाटलं, कुणा नवशिक्याची फाइल बिघडलीय. आपली खोड तुला माहीत आहे, तो काय बोलतोय ते मी वाचलंच नाही, चुकलेला स्वल्पविराम शोधत बसले. सापडेना तेव्हा चिडून फाइल पहिल्या ओळीपासून वाचली.

म्हातारा होडीत पाय ठेवण्याआधी चपला एकमेकींवर आपटून झटकतो. मग विचारतो, “माझं वजन झेपेल ना, का सामान आधी पाठवू?”

लिफ्टमध्ये, स्कूटरवर, आणि शेवटी हॉस्पिटलच्या स्ट्रेचरवरसुद्धा बाबांनी हेच विचारलं होतं. स्ट्रेचरपाशी आपण दोघंच होतो.

नदीच्या मधोमध आल्यावर ते होडीवालीला विचारतात, “तुम्ही दोघं अजून एकाच होडीत आहात ना?” त्याखाली उत्तराची ओळ रिकामी. शेजारी टीप आहे, ‘हे मला लिहिता येत नाही.’ फाइल बिघडलेली नव्हतीच. ती थांबलेली होती.

तरी मी स्वतःला समजावत होते की योगायोग असेल. आत्ता वहिनी कपबशी ठेवायला आत आल्या. स्क्रीन चालूच होता. होडीतल्या म्हाताऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “हे अजून मधेच आहेत का?” मग जीभ चावली आणि बाहेर गेल्या. त्यांना ओरडू नकोस.

म्हणजे कुलूप लागलं की बाबा पाण्यातच राहणार, हे तुला माहीत होतं. तरी तू सही केलीस. मला प्रचंड राग आलाय, दादा. आणि तू एकटा बसून ते लिहीत होतास, हे डोक्यातून जात नाही, ते वेगळंच.

करार सही न करता परत पाठवतेय. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. रिकाम्या ओळीत मी उत्तर लिहिलंय, “भांडतो खूप, पण हो.” चालवून पाहिलं. होडी हलते. बाबा काठावर उतरतात आणि मागे न बघता पायऱ्या चढून जातात, आपल्याला शाळेत सोडून निघायचे तसेच.

तू चालवून बघ. ते उतरल्यानंतरही तुला कुलूपच हवं असेल, तर उद्या सकाळी वहिनींकडे कागद दे, मी एका शब्दानं वाद न घालता सही करीन. नको असेल तर स्वतः ये. कंपनीला आपण दोघं मिळून सांगू की फोल्डर उघडं राहील आणि पालकांचे फोन मी घेईन. ते नाही म्हणाले तर नाही.

बेल बिघडलीय. दाराशी चपला झटक, मला कळेल.

टेबलावरचे कपडे उचलायला घेतेय.

तुझ्याच होडीतली,
बारकी